दुर्मिळ इंग्रजी आडनावाचं मूळ कसं शोधायचं: मोल्सवर्थ घेऊन करून बघू

मराठीत "मोल्सवर्थमध्ये बघ" म्हटलं की ऐकणाऱ्याला कोश कळतो, माणूस आठवत नाही. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी, त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ला निघाला, थॉमस कँडीच्या मदतीने सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ला आली आणि आज ती शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर फुकट बघता येते. हे आडनाव खुद्द इंग्लंडमध्येही फार थोड्या लोकांचं आहे, आणि म्हणूनच इंग्रजी आडनावाचा माग कसा काढायचा हे शिकायला मला ते सगळ्यात योग्य उदाहरण वाटतं. खाली जी पद्धत सांगतोय ती कुठल्याही दुर्मिळ इंग्रजी आडनावाला चालेल, मग ते तुमच्या गावच्या जुन्या कबरीवर सापडलेलं असो, एखाद्या पुलाच्या पाटीवरचं असो किंवा लंडनला राहणाऱ्या तुमच्या सुनेच्या माहेरचं असो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. स्मिथ किंवा जॉन्सनचा शोध घ्यायचा असेल तर एक घराणं धरून त्याच्याच मागे मागे जावं लागतं, कारण सगळे स्मिथ गोळा करणं कोणालाच शक्य नाही. दुर्मिळ आडनावाचं उलटं आहे, तिथे त्या आडनावाची सापडेल ती प्रत्येक नोंद गोळा करायची, नातं लागो न लागो, आणि मग त्या ढिगातून घराणी आपोआप वेगळी होत जातात. इंग्लंडमध्ये याला वन-नेम स्टडी म्हणतात आणि असं काम करणाऱ्यांची १९७९मध्ये स्थापन झालेली गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज नावाची संस्था आहे, तिथल्या यादीत तुमचं आडनाव आधीच कोणी घेतलंय का ते पहिल्याच दिवशी बघून घ्या, घेतलं असेल तर त्या माणसाला सरळ लिहा, ही मंडळी वर्षानुवर्षं एकाच आडनावावर बसलेली असतात आणि मनापासून मदत करतात.

आता स्पेलिंग. एक वही घ्या किंवा एक्सेल शीट उघडा आणि आडनाव किती प्रकारे लिहिलं गेलं असेल ते लिहून काढा. जुन्या काळी पाद्री किंवा कारकून कानाला जसं ऐकू येईल तसं लिहायचा, ज्याचं नाव त्याला बऱ्याचदा लिहिता-वाचता येत नसे, त्यामुळे एकाच माणसाचं लग्न एका स्पेलिंगने आणि दफन दुसऱ्या स्पेलिंगने सापडतं. मोल्सवर्थमध्ये (Molesworth) मधला 'ई' गळतो, 'एल' दोनदा येतो, 'ओ'च्या जागी 'ओयू' येतं, शेवटच्या 'टीएच'चा 'डी' होतो. बहुतेक साइट्सवर संशयाच्या अक्षराच्या जागी तारा टाकून शोधता येतं, ती सोय वापराच. आणि एक खास अडचण छापील पुस्तकांची. अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत छपाईत शब्दाच्या मधला 'एस' लांब काढायचे, तो दिसायला 'एफ'सारखा, त्यामुळे कॉम्प्युटरने स्कॅन वाचताना मोल्सवर्थचा 'मोलेफवर्थ' करून ठेवलेला असतो. जुनी वर्तमानपत्रं आणि गूगल बुक्समध्ये 'एस'च्या जागी 'एफ' घालून शोधलं की कधीकधी एकदम नवीन माहिती हाती लागते.

स्पेलिंग झालं की आडनाव कुठल्या प्रकारचं आहे ते ठरवा. इंग्रजी आडनावं ढोबळमानाने चार प्रकारची, बापाच्या नावावरून, धंद्यावरून, टोपणनावावरून आणि गावावरून. यातलं शेवटचं आपल्याला समजायला सोपं, कारण आपल्याकडचं 'कर' तेच करतं. साताऱ्यात राहणाऱ्याला कोणी सातारकर म्हणत नाही, तो सातारा सोडून दुसरीकडे गेला की म्हणतात. इंग्लंडमध्येही गावाच्या नावाचं आडनाव साधारण दोघांना मिळालं, एक म्हणजे त्या गावची जमीन ज्याच्या ताब्यात होती तो सरदार, आणि दुसरा म्हणजे गाव सोडून बाहेर गेलेला साधा माणूस. म्हणून आडनावाचं मूळ गाव सापडलं तरी जुन्या नोंदी त्या गावात कमी आणि आजूबाजूच्या वीसपंचवीस मैलांत जास्त मिळतात, हे लक्षात ठेवलं नाही तर लोक मूळ गावाचंच रजिस्टर उलटत बसतात आणि हाती काही नाही म्हणून सोडून देतात.

मोल्सवर्थ नावाचं गाव आहे, जुन्या हंटिंग्डनशायर परगण्यात. १०८६च्या डूम्सडे बुकात, म्हणजे विल्यम राजाने करवलेल्या जमीन मोजणीत, ते 'मोल्सवर्डे' असं येतं. वर्थ म्हणजे कुंपण घातलेली वाडी, आणि पुढचा भाग मूल नावाच्या माणसाचा, मूलची वाडी. हे नाव त्या काळी खरोखर असायचं, केंटचा मूल नावाचा एक राजा ६८७मध्ये जाळून मारला गेला अशी नोंद जुन्या बखरीत आहे, पण या गावचा मूल तो नव्हे, कोणी वेगळा शेतकरी किंवा जमीनदार, त्याचं नाव गावात राहिलं एवढंच. गावाच्या नावाचा अर्थ बघायला नॉटिंगहॅम युनिव्हर्सिटीची इंग्लिश प्लेस-नेम्सची साइट फुकट आहे, आणि इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीचे परगणावार खंड आहेत, बेडफर्डशायर आणि हंटिंग्डनशायरचा खंड १९२६चा.

आता इथेच एक मोठा सापळा आहे. चेशायरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं दुसरं गाव आहे, बोलायला जवळजवळ तेच, पण त्याचा अर्थ टेकडीजवळची वाडी, मूलशी काही संबंध नाही. म्हणजे चौदाव्या शतकातल्या एखाद्या कागदावर 'डी मोल्डसवर्थ' असं दिसलं आणि कागद चेशायरचा असला तर तो माणूस कोशकर्त्या मोल्सवर्थच्या कुळातला धरू नका. दुर्मिळ आडनावांत अशी जोडगावं खूप वेळा निघतात, त्यामुळे अर्थ सापडल्या सापडल्या खूश न होता नकाशा उघडायचा आणि सारख्या नावाचं दुसरं गाव आहे का बघायचं, हा नियमच करा.

गाव कुठल्या परगण्यात हेही तपासा. मोल्सवर्थ शतकानुशतकं हंटिंग्डनशायरमध्ये होतं, १९६५ला परगणा पीटरबरोला जोडला गेला, १९७४पासून ते सगळं केंब्रिजशायरमध्ये आहे. कागद मात्र जुन्या हद्दीप्रमाणे लावलेले असतात, हंटिंग्डनला वेगळं दफ्तर आहे. गूगलवर नुसतं मोल्सवर्थ टाकलं की गावाजवळचा लष्करी विमानतळ, ऐंशीच्या दशकात तिथे क्रूझ क्षेपणास्त्रांविरुद्ध झालेली आंदोलनं, डब्लिनचा मोल्सवर्थ स्ट्रीट आणि न्यूझीलंडची संसद ज्या रस्त्यावर आहे तो वेलिंग्टनचा मोल्सवर्थ स्ट्रीट हेच वर येतं, म्हणून शोधताना सोबत परगण्याचं नाव आणि शतक टाकत चला.

अर्थ आणि गाव झालं, आता तो अर्थ बरोबर का चूक ते लोकवस्तीवरून ठरतं. १८८१च्या जनगणनेची अक्षर न् अक्षर उतरवलेली यादी फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर फुकट आहे, त्यात तुमच्या आडनावाचे सगळे लोक परगणावार मोजा, दुर्मिळ आडनाव असेल तर एका दुपारचं काम. रेल्वे येऊन पन्नासएक वर्षंच झाली होती, त्यामुळे पुष्कळशी आडनावं अजून जन्मगावाच्या आसपास दाटलेली दिसतात. तुमच्या आडनावाचा दाट ठिपका मूळ गावापासून लांब निघाला तर दोनच शक्यता, अर्थ चुकलाय किंवा एक शाखा तिकडे जाऊन वाढली. आधीच्या विद्वानांनी हा ठिपका न बघता नुसत्या शब्दावरून अर्थ लावले होते, म्हणून जुने आडनाव-कोश जपून वापरा. २०१६ला ऑक्सफर्डचा ब्रिटन-आयर्लंडच्या आडनावांचा मोठा कोश आला, पॅट्रिक हँक्स, रिचर्ड कोट्स आणि पीटर मॅक्लूअर यांचा, त्यात पंचेचाळीस हजारांच्या वर आडनावं आहेत, दुर्मिळही आहेत, आणि जुन्या नोंदी तारखेसकट दिल्यात, तो एखाद्या लायब्ररीत मिळाला तर आधी तोच उघडा.

यानंतरचं काम मात्र धीराचं, आणि दिशा एकच, आजकडून मागे. सरदार घराण्यातल्या एखाद्या नामांकित पूर्वजाला धरून पुढे यायचं आणि आपल्याला त्याला चिकटवायचं हा मोह होतो, तो टाळा.

इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद १ जुलै १८३७ला सुरू झाली, स्कॉटलंडमध्ये १८५५ला. फ्रीबीएमडी ही स्वयंसेवकांनी उतरवलेली सूची फुकट आहे, पण त्यात जन्माच्या नोंदीपुढे आईचं माहेरचं आडनाव १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच येतं. सरकारी जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत ते १८३७पासून दिलेलं आहे, आणि दुर्मिळ आडनावाच्या कामात याने प्रचंड फरक पडतो, कारण आडनाव अधिक आईचं माहेर एवढ्यावरून एकाही सर्टिफिकेटचे पैसे न भरता अख्खी भावंडं एकत्र लावता येतात.

जनगणना १८०१पासून दर दहा वर्षांनी, पण इंग्लंडभर माणसांची नावं कामाला येतील अशी १८४१पासून. १८४१च्या यादीत पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची असा नियम होता, म्हणजे ३५ लिहिलेला माणूस ३९चाही असू शकतो. १८५१पासून जन्माचं गाव लिहिलंय, ते सगळ्यात महत्त्वाचं. १९२१ची यादी २०२२ला खुली झाली, १९३१ची १९४२च्या आगीत जळून गेली, १९४१ला युद्धामुळे जनगणनाच झाली नाही, मधली पोकळी १९३९च्या रजिस्टरने, म्हणजे युद्ध सुरू होताच सरकारने केलेल्या लोकांच्या नोंदणीने, थोडी भरून निघते.

१८३७च्या मागे गेलं की चर्चची रजिस्टरं. १५३८ला थॉमस क्रॉमवेलच्या हुकुमाने प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहून ठेवायला सुरुवात केली, सगळी पहिली पानं टिकलेली नाहीत, पण १५९८पासून दरवर्षीची एक नक्कल बिशपकडे पाठवायची पद्धत होती, मूळ रजिस्टर गेलं असेल तर ती नक्कल मागा. लग्नाच्या नोंदी १७५४पासून जास्त भरवशाच्या, सह्या आणि साक्षीदार दोन्ही असतात. बाप्तिस्म्याला १८१३पासून छापील रकाने आले, त्यात बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण मिळतं. १६४०च्या दशकापासून १६६०पर्यंत, यादवी युद्ध आणि ऑलिव्हर क्रॉमवेलच्या राजवटीत (१५३८चा थॉमस वेगळा), पुष्कळ ठिकाणी नोंदी तुटक आहेत, तिथे माग हरवला तर नाउमेद होऊ नका, सगळ्यांचाच हरवतो.

तारखांचं एक नीट समजून घ्या. १७५२च्या आधी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे फेब्रुवारी १७२० असं रजिस्टरात लिहिलेलं आपल्या हिशोबाने फेब्रुवारी १७२१ असतं, आणि हे माहीत नसेल तर एप्रिल १७२०ला लग्न आणि फेब्रुवारी १७२०ला मूल बघून आपण भलतीच समजूत करून घेतो. उतरवून घेताना मूळ जसं आहे तसं लिहा आणि शेजारी आपलं वर्ष लिहा, दोन्ही. लॅटिन नावंही येतील, याकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम. अक्षर वाचवत नसेल तर लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर जुनं हस्ताक्षर वाचायचा फुकट कोर्स आहे, खरंच चांगला आहे, आपल्याकडे मोडी शिकलेल्या माणसाला तर त्यात मजा येईल.

मृत्युपत्रं मला सगळ्यात आवडतात कारण त्यात माणसं स्वतः नाती सांगतात, पुतण्याला घोडा, विधवा बहिणीला घर, असं. १८५८च्या जानेवारीपर्यंत हे काम चर्चच्या कोर्टांत चालायचं आणि श्रीमंतांची मृत्युपत्रं कँटरबरीच्या कोर्टात जायची, ती नॅशनल आर्काइव्ह्जकडे १३८४पासूनची आहेत. याशिवाय कराच्या याद्या आहेत, १६६२ ते १६८९चा चुलीवरचा कर, घरटी चुली मोजून घेतलेला, आणि १३७७, १३७९, १३८१चे डोईपट्टीचे रोल. हे रोल आडनावासाठी मोलाचे, कारण आडनावं बापाकडून मुलाकडे जायला लागली ती साधारण तेराव्या-चौदाव्या शतकात, उत्तरेत त्याहून उशिरा. १३४८-४९च्या महामारीने कित्येक आडनावं जन्मताच पुसली. नंतरही ज्या घरात मुलीच झाल्या तिथे आडनाव थांबलं. हे इतकं नेहमीचं आहे की फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७०च्या दशकात आडनाव नष्ट होण्याचं गणितच मांडलं. तुमचं आडनाव दुर्मिळ आहे याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं, त्यात काही गूढ नसतं.

मोल्सवर्थांचं मोठं घराणं सरदारांच्या छापील वंशावळींत सर वॉल्टर डी मोल्सवर्थपासून सुरू होतं, पहिल्या एडवर्डबरोबर धर्मयुद्धाला गेलेला असं त्यात लिहितात. अशा वंशावळी मी वाचतो पण तेराव्या आणि सोळाव्या शतकामधली प्रत्येक पायरी कागदावर दिसल्याशिवाय लिहून घेत नाही, कारण सोळाव्या शतकात, पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात, घराण्यांना जुना पूर्वज जोडून देण्याचा धंदाच चालायचा. सोळाव्या शतकाच्या आसपास घराणं नॉर्थॅम्प्टनशायरच्या बाजूला, हेल्पस्टन आणि फॉदरिंगहेला दिसतं, म्हणजे मूळ गावापासून फार लांब नाही, वर सांगितलेल्या नियमात बसतं. पुढे एक शाखा कॉर्नवॉलला पेनकॅरोला गेली, तिला १६८९ला बॅरोनेट हे वंशपरंपरेने चालणारं पद मिळालं, त्याच शाखेतला सर विल्यम मोल्सवर्थ १८५५ला वसाहतींचा मंत्री होता. दुसरी शाखा आयर्लंडला गेली, तिथे डब्लिनच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा रॉबर्ट १७१६ला व्हायकाउंट, म्हणजे मोठा सरदार, झाला, डब्लिनचा रस्ता याच घराण्यावरून. अशा मोठ्या घराण्यामुळे एक अडचण होते, त्या आडनावाच्या साध्या लोहार-सुताराच्या नोंदी कोणी बघतच नाही आणि प्रत्येकजण व्हायकाउंटला जाऊन भिडतो. तुम्ही साध्या माणसांच्या नोंदी आधी घ्या.

पेनकॅरोच्या पहिल्या बॅरोनेटचं नाव हेंडर मोल्सवर्थ, तो जमेकाचा कारभार पाहत होता आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा तिथला एजंट होता. कॅरिबियन बेटांवर स्वतंत्र झालेल्या गुलामांकडे बऱ्याचदा मालकांची आडनावं राहिली, त्यामुळे कुठलंही दुर्मिळ इंग्रजी आडनाव तिकडे सापडलं तर ते रक्ताचं नातं असेलच असं नाही, आणि नसेलच असंही नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने ब्रिटिश गुलामगिरीच्या मालकांची माहिती साइटवर खुली ठेवली आहे, ती या कामात बघायलाच हवी, अप्रिय आहे म्हणून गाळायची नाही.

आडनाव बदलण्याचे प्रकारही लक्षात घ्या. मुलीकडून इस्टेट आली की जावई तिचं आडनाव घ्यायचा किंवा दोन जोडायचा, पेनकॅरोचे लोक आज मोल्सवर्थ-सेंट ऑबिन लावतात. राजाची परवानगी घेऊन केलेले असे बदल लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात छापले जात, ते ऑनलाइन शोधता येतं.

साइटवर पैसे भरून 'तुमच्या आडनावाचं राजचिन्ह' (कोट ऑफ आर्म्स) मिळतं त्यावर खर्च करू नका. इंग्लंडमध्ये राजचिन्ह माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांना चालतं, आडनावाला मिळत नाही, हे काम बघणारं कॉलेज ऑफ आर्म्स १४८४पासून आहे.

डीएनए मात्र दुर्मिळ आडनावात खरंच कामाला येतं. वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडे जातो आणि आडनावही तसंच. ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी २०००मध्ये साइक्स आडनावाचे पुरुष तपासले तर निम्म्याच्या आसपास एकाच प्रकारचे निघाले. लेस्टर युनिव्हर्सिटीच्या टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९मध्ये चाळीस आडनावांचे सोळाशेच्या वर पुरुष तपासले, स्मिथसारख्या आडनावात काहीच साम्य नाही, पण अॅटनबरोसारख्या दुर्मिळ, एका गावावरून आलेल्या आडनावात बहुतेक सगळे एकाच मूळ पुरुषाचे. आणि २००७ला याच युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात यॉर्कशायरच्या एका दुर्मिळ आडनावाच्या १८ पुरुषांपैकी ७ जणांत पश्चिम आफ्रिकेत सापडणारा प्रकार मिळाला, तोही अठराव्या शतकात यॉर्कशायरमध्येच जन्मलेल्या पूर्वजांकडून आलेला, घरच्या कोणालाही कल्पना नसताना. टेस्ट करायची तर दोन लांबच्या शाखांतले पुरुष तयार करा, एकट्याच्या टेस्टने काही कळत नाही, आणि दत्तक किंवा लग्नाबाहेरचं मूल असं काही निघालं तर ते कोणाला सांगायचं हे आधी ठरवून घ्या.

शेवटी आपल्या बाजूचं. आडनावाचा माणूस मुंबई इलाख्यात होता असं कळलं तर ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद बघायचे. मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं एन/३ या मालिकेत आहेत, कंपनीच्या फौजेत भरती होणाऱ्या कॅडेटचे कागद एल/मिल/९मध्ये, आणि त्यात बऱ्याचदा बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो, म्हणजे इंग्लंडमधलं नेमकं पॅरिश हाती येतं. मोल्सवर्थसारख्या लष्करी माणसाचा माग इथूनच सुरू करायचा. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी ही संस्था आपली सूची फुकट शोधू देते, कबरींसाठी १९७६ला सुरू झालेली बॅक्सा, म्हणजे ब्रिटिश असोसिएशन फॉर सिमेटरीज इन साउथ एशिया, आहे, आणि मुंबई-पुण्याच्या पुराभिलेखागारांत इलाख्याचे सरकारी कागद आहेत, मोडीचे आणि इंग्रजीचे.

इथे आपण इंग्लंडमधल्या संशोधकांना खूप देऊ शकतो, कारण शिवडीच्या किंवा एखाद्या जुन्या छावणीच्या स्मशानात ते येऊ शकत नाहीत आणि दगड दर पावसाळ्यात झिजतायत. फोटो काढायचे तर सकाळी किंवा संध्याकाळी तिरक्या उन्हात काढा, अक्षरं उठून दिसतात. दगडाला खडू किंवा ब्रश लावू नका, फार तर साधं पाणी. चारही बाजू घ्या, तळाशी दगड कोणी घडवला ते कोरलेलं असेल तर तेही घ्या, स्मशानाची परवानगी आधी काढा, आणि मजकूर उतरवताना आडनावाचं स्पेलिंग दगडावर जसं आहे तसंच लिहा, चुकीचं वाटलं तरी.